पस्तीस मिनिटांचा चहा

"ओ मिस्टर! समोरचं घड्याळ दिसतंय का?"

स्वीडलचा आवाज चढला तशी पुरुष अस्थिरोग वॉर्डातली कुजबुज एकदम थांबली. दुपारचे अडीच वाजलेले. भेटीची वेळ चार ते सहा. आणि हा कोण कुठला... निळ्या चौकड्यांचा शर्ट, खांद्याला झोळी, पंधरा नंबरच्या बेडवर चक्क मांडी घालून बसलेला!

तो दचकून उठला. त्याच्या मांडीवरचे कागद घसरले, पंख्याच्या वाऱ्याने फरशीभर झाले, आणि त्यातले दोन थेट स्वीडलच्या बुटांपाशी येऊन थांबले.

"मी नातेवाईक नाहीये, सिस्टर."

"मग कोण? डॉक्टर तर वाटत नाही."

"मी..." कागद गोळा करता करता त्याने वर पाहिलं. "मी प्रश्नावली आहे."

वॉर्डभर हशा पिकला. पाय प्लास्टरमध्ये असलेले, हात गळ्यात बांधलेले, सगळे हसले. स्वीडलने ओठ घट्ट मिटले. नाहीतर तीही हसली असती. तिने बुटांपाशीचे कागद उचलले. वर ठळक अक्षरांत छापलेलं: 'सार्वजनिक रुग्णालयांतील परिचर्येबाबत रुग्णांचे समाधान.' खाली प्रश्न. परिचारिका आपुलकीने बोलते का? हाक मारल्यावर वेळेत येते का?

"म्हणजे आम्हाला मार्क द्यायला आलात."

"मी कोण देणार? हे देणार." त्याने बेडकडे हात केला.

"बरं. पण पेशंटच्या बेडवर बसायचं नसतं. ते स्टूल घ्या."

"म्हणजे बसायची परवानगी आहे?"

"स्टूल घ्या म्हटलं. बसा कुठे म्हटलं?"

आणि ती औषधांची ट्रॉली ढकलत पुढे गेली. तीन बेड ओलांडल्यावर उगाचच मागे वळून पाहिलं. तो स्टुलाशेजारी उभाच होता. हसत.

मुकुल कर्णिक त्याचं नाव. डोंबिवलीचा. मुंबईतल्या एका संस्थेत सार्वजनिक आरोग्य शिकत होता आणि संस्थेच्या अभ्यासासाठी ठाण्यातल्या या सरकारी रुग्णालयात रोज दुपारी येणार होता. अधीक्षकांचं पत्र होतं त्याच्याकडे. स्वीडलने ते दोनदा वाचलं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरीही.

स्वीडल परेरा सत्तावीस वर्षांची. माजिवड्याच्या गावठाणात, उड्डाणपुलाच्या मागच्या अंगाला तिचं घर. वडील ऑस्वल्ड वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आई व्हिक्टोरिया घरी ईस्ट इंडियनांचा बाटली मसाला करून विकायची. वॉर्डात खाटा पंचेचाळीस, पेशंट बावन्न, उरलेल्यांच्या गाद्या खाली फरशीवर. आणि दुपारपाळीला सिस्टर एकच. तिच्या मदतीला नर्सिंगची एखादी विद्यार्थिनी आणि मावशी. तीही आली तर.

पहिल्या आठवड्यातच मुकुलचा चेहरा पडला.

"तुमचा वॉर्ड म्हणजे स्वर्ग आहे, सिस्टर. चाळीस जणांना विचारलं. चाळीसच्या चाळीस जण अत्यंत समाधानी."

"मग रडताय कशाला?"

"खोटं आहे म्हणून. संध्याकाळी ज्यांच्या हातची सुई घ्यायची, त्यांच्यासमोर कोण म्हणेल सुई दुखते?" तो म्हणाला. "मी यांना नंतर घरी जाऊन भेटणार आहे. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी. तेव्हा खरं बोलतील."

"आणि आम्हाला कोण विचारणार? सिस्टर समाधानी आहे का?"

ती बोलून गेली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी ड्युटी टेबलावर तिच्या पेनाखाली एक कागद होता. हाताने लिहिलेला. वर शीर्षक: 'परिचारिकेचे समाधान.' प्रश्न एकच: 'आज तुम्हाला कोणी जेवलात का विचारलं?' खाली दोन चौकटी. स्वीडलने इकडेतिकडे पाहिलं, 'नाही'वर खूण केली आणि कागद त्याच्या झोळीत टाकून दिला.

तिसऱ्या दिवशी झोळीतून डबा निघाला. अळूवड्या.

"आईने केल्यात. मी सांगितलं, अभ्यासासाठी हव्यात."

"खोटारडे!"

"अभ्यासच चाललाय." तिच्याकडे बघत तो म्हणाला. मग आपणच लाजला आणि सतरा नंबरच्या आजोबांना तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला गेला.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. स्वीडलने त्यातून घरचे फुगे नेले, आईने तळलेले, अजून कोमट.

"हे काय आहे?"

"फुगे."

"आणि फुगवायचे कसे?"

"खायचे असतात, शहाणे! आमच्याकडे लग्नात करतात."

"कोणाच्या लग्नात?"

"...कोणाच्याही."

बस्स. पण त्या दिवशी स्वीडलने एकवीस नंबरचं बीपी लिहायच्या रकान्यात त्याचं तापमान लिहिलं आणि खोडून परत लिहिलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.

ऑक्टोबर सरत आला होता. मुकुलचं वॉर्डातलं काम संपलं, तो दिवस गुरुवार होता. सकाळपासून उकाडा, आभाळ पितळी. मावशी रजेवर. मदतीला फक्त संचिता, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, अजून पेशंटला हात लावताना घाबरणारी.

चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली आणि मुकुल टेबलापाशी आला.

"दहा मिनिटं. समोरच्या टपरीवर चहा. आज शेवटचा दिवस आहे."

"वॉर्ड सोडून? वेड लागलंय का?"

"नातेवाईक आहेत आता सगळ्यांजवळ. दहाच मिनिटं, सिस्टर..."

तीन वर्षांत स्वीडल दुपारपाळीला वॉर्डाबाहेर गेली नव्हती. तिने संचिताकडे पाहिलं. संचिताने मान डोलावली. मग तिने कॅप सारखी केली, आणि निघाली.

दाराजवळचा बेड नंबर बावीस. शिवराम. चौसष्ट वर्षांचे, वागळे इस्टेटमध्ये जन्मभर फिटर म्हणून राबलेले. मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे कूसही बदलता यायची नाही. बायको मालन एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची, ती सहाला यायची. मोठ्याने हाक मारणं हे शिवरामच्या स्वभावातच नव्हतं.

"सिस्टर... जरा..."

"आलेच हां काका. एक मिनिट."

आणि ती जिना उतरली.

चहा हातात आला आणि परतीचा पाऊस कोसळला. एकदम. टपरीच्या ताडपत्रीवर जणू कोणी मूठमूठ खडे टाकतंय. दोघं आत सरकले. खांद्याला खांदा लागला... कुणीच काढून घेतला नाही.

"माझं वॉर्डातलं सर्वेक्षण संपलं," मुकुल म्हणाला. "उद्यापासून इथे यायला मला काही कारण नाही."

"मग?"

"मग... तुम्ही द्याल का एखादं?"

स्वीडलने पावसाकडे पाहिलं. ग्लासातल्या वाफेने तिचा चष्मा धुरकटला होता. तो पुसायचा म्हणून तिने काढला, आणि तसाच हातात ठेवला.

"आमच्याकडे चार ते सहा भेटीची वेळ असते," ती म्हणाली.

"ती नातेवाइकांसाठी ना?"

"नातेवाईक व्हायला कितीसा वेळ लागतो?"

मुकुल तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तिचा रिकामा ग्लास घेतला, आपला तिच्या हातात दिला. त्यात अजून दोन घोट शिल्लक होते. तिने ते प्यायले. एवढंच. पण त्यानंतर 'तुम्ही' म्हणणं दोघांनाही जमेना.

फाटक समोर होतं. चाळीस पावलं फार तर. भिजत जाता आलं असतं. स्वीडलने दोनदा घड्याळ पाहिलं. दोन्ही वेळा म्हणाली, "कमी होतोय बघ आता." पुढे ती हा हिशेब स्वतःशी कित्येकदा करणार होती... पाऊस नव्हता तिला अडवून धरलेला. तिला जायचंच नव्हतं.

ती परतली तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. केस भिजलेले, गाल तापलेले, ओठांवर हसू. आणि दारातच वास आला.

शेजारच्या बेडवरच्या पेशंटच्या बहिणीने पदर नाकाला लावला होता. एक बाई मुलांना बाहेर नेत होती. पलीकडे संचिता घोडबंदर रोडवरून आलेल्या अपघाताच्या केसमध्ये डॉक्टरांबरोबर अडकलेली. आणि बावीस नंबरवर शिवराम भिंतीकडे तोंड करून पडले होते. कूस बदलता येत नव्हती म्हणून फक्त मान वळवलेली. छातीवर दोन्ही मुठी आवळलेल्या.

स्वीडलने पार्टिशन ओढून आणलं. कोमट पाणी आणलं. त्यांना स्वच्छ पुसलं, वजन हलू न देता चादर बदलली, पावडर लावली. सगळं स्वतः. संचिताला हाकही मारली नाही.

"सॉरी काका."

"काही नाही सिस्टर," भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले. "काही नाही."

सहाला मालन आली तेव्हा सगळं धुवूनपुसून लख्ख होतं. शिवराम तिच्याशी कॅन्टीनबद्दल बोलत होते. नोव्हेंबरअखेर त्यांना घरी सोडलं. जाताना, मुकुलने वॉर्डात ठेवून दिलेल्या फॉर्मवर त्यांनी सगळीकडे एकच खूण केली होती. अत्यंत समाधानी.

त्या पावसानंतरचे तीन महिने स्वीडलच्या आयुष्यातले सगळ्यात हलके दिवस होते. उपवनच्या तळ्याकाठी कणीस, मुकुलचं बेसूर गुणगुणणं, नाताळला त्याने माजिवड्याला येऊन ऑस्वल्डबरोबर दोन तास फुटबॉलवर वाद घालणं. "पोरगा चांगला हाय," व्हिक्टोरिया म्हणाली. "पन जेवतो किती कमी!" बावीस नंबर स्वीडलला आठवायचा. अधूनमधून. मग ती दुसरं काहीतरी आठवायची.

जानेवारीतल्या एका रविवारी मुकुलने तिला डोंबिवलीला घरी नेलं. त्याची आई, शुभदा, शाळेतून निवृत्त झालेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "ये गं. बोंबील केलेत. आम्ही सीकेपी, माशांच्या बाबतीत तुझ्या घरच्यांना हार जाणार नाही." निघताना शुभदाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दोघं फडके रोडने चालत निघाले. गजऱ्यांचा वास, रविवारची गर्दी. मुकुल खुशीत होता. गुपित फोडायच्या बेतात असलेल्या माणसासारखा.

"तुला एक सांगायचंय. मागच्या महिन्यात मी किसननगरला गेलेलो. तुमच्या शिवरामकाकांकडे. घरभेटीला."

स्वीडलची पावलं मंदावली.

"सुरुवातीला काही बोलेनात. मग बायको पाणी भरायला गेली तशी सगळं सांगितलं. तो गुरुवार... पण तू काळजी करू नकोस. तुझं नाव कुठेच येणार नाही. मी ते पानच काढून टाकलं."

"काय सांगितलं त्यांनी?"

"जाऊ दे ना."

"मुकुल. काय सांगितलं?"

तो थांबला. फुलवाल्याच्या टोपलीकडे बघत म्हणाला, "म्हणाले, इतक्या लोकांसमोर... त्यापेक्षा हाड जुळलं नसतं तरी चाललं असतं. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही म्हणाले. बायकोलाही नाही."

"आणि तू ते पान फाडलंस."

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" तिचा आवाज भर रस्त्यात फुटला. "एका माणसाने जीव मुठीत धरून एकदाच, एकदाच कुणाला तरी सांगितलं... आणि तू ते कचऱ्यात टाकलंस? मी त्यांना पस्तीस मिनिटं तसं ठेवलं. तू तर पुसूनच टाकलंस त्यांना!"

"अगं तारीख आहे, पाळी आहे. पाच मिनिटांत कळेल सिस्टर कोण ते. तुझी नोकरी..."

"लिही. जसं सांगितलं तसं लिही."

"स्वीडल, ऐक ना. तिथे मीही होतो. चूक माझीही..."

"हो. होतास." आणि मग ती जे बोलली ते बोलायचं असं ठरवून आली नव्हती. "म्हणूनच तुझ्याकडे बघितलं की यापुढे मला तो बेड दिसेल. मला फोन करू नकोस."

मुकुलचा चेहरा पांढराफटक पडला. ती गर्दीत शिरली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिला वाटत होतं, आता मागून हाक येईल... आली नाही. तिनेच नको म्हटलं होतं.

तीन आठवडे स्वीडलने कसेबसे काढले. फोन खरंच आला नाही. चौथ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती किसननगरला गेली. वागळे इस्टेटच्या मागची चढाची गल्ली, तिसऱ्या मजल्यावरची खोली. शिवराम वॉकरला धरून दारात उभे होते.

"सिस्टर! तुम्ही?" चेहऱ्यावर आनंद आला, आणि लगेच धास्ती. आत मालन होती.

"अगोबाई, सिस्टर!" मालनने धावत येऊन तिचे हात धरले. "ह्यांच्या पायाचं तुम्हीच केलंत हो सगळं. बसा. दूध संपलंय, मी आत्ता आणते." ती पिशवी घेऊन खाली गेली. जिन्यावरचे तिच्या चपलांचे आवाज थांबेपर्यंत स्वीडलने वाट पाहिली.

"काका, मी माफी मागायला आलेय."

"मालनला सांगू नका," ते घाईने म्हणाले.

"नाही सांगणार. त्या दिवशी मी कामात नव्हते काका. खाली चहा पीत होते."

शिवराम खाली बसले. मोडलेला पाय हळूच सरळ केला. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तुम्ही तेव्हा धुतलंत, पुसलंत. आईच्या मागे असं माझं कुणी केलं नव्हतं. त्याचा राग नाही. चहाचाही नाही. माणसाने चहा पिऊ नये का? राग एकाच गोष्टीचा आला. तुम्ही म्हणालात, एक मिनिट. मी ते खरं धरलं. नाही जमत म्हणाला असतात, तर पलीकडच्या पेशंटच्या भावाला सांगितलं असतं, लाज सोडून. पण सिस्टर येते म्हणाल्या... म्हणून मी थांबलो. शेवटपर्यंत थांबलो."

स्वीडलच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने पुसलं नाही.

"रडू नका. तो पोरगासुद्धा असाच रडवेला झाला होता."

"कोण?"

"फॉर्मवाला. परत आला होता ना. तीन आठवडे झाले असतील, सोमवारी सकाळीच दारात. म्हणाला, काका, तुम्ही सांगितलेलं मी टाकून दिलं होतं, पुन्हा सांगाल का? परत सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. आणि खाली स्वतःचं लिहिलं. त्या वेळी वॉर्डातली एकुलती एक सिस्टर माझ्या आग्रहावरून माझ्याबरोबर बाहेर होती, म्हणून. मी म्हटलं, अरे, तुझं कशाला लिहितोस? तर म्हणाला, अर्धं खरं लिहिलं तर परत यावं लागेल." शिवराम हसले. "गुणी पोर आहे. तुमचा कोण लागतो हो?"

सोमवारी. म्हणजे फडके रोडवरच्या त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी.

"कोणी नाही," स्वीडल म्हणाली.

का म्हणाली, तिला कळलं नाही. मालन दूध घेऊन आली, चहा झाला, कांदेपोहे झाले. गल्लीच्या तोंडाशी येऊन स्वीडलने फोन काढला. त्याचा नंबर लावला. मग वाटलं, काय म्हणून बोलायचं? ज्याला भर रस्त्यात तसं तोडून टाकलं, त्याने तिच्या सांगण्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळं स्वतःवर ओढून घेतलं... आता कुठल्या तोंडाने? चौकशी होऊ दे. शिक्षा भोगते, मग बोलते. रिंग जायच्या आधीच तिने फोन कापला.

चौकशी झाली. मेट्रनसमोर स्वीडलने जे घडलं ते सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली आणि कल्याणच्या एका सरकारी रुग्णालयात बदली झाली. मुकुलला त्याच्या मार्गदर्शकांनी अभ्यासातून काढलं. ज्या वॉर्डाचं मोजमाप करायचं तिथल्याच सिस्टरच्या प्रेमात पडलेला माणूस कसा चालेल? त्याचं ते पान मात्र अहवालात राहिलं. बावन्न पेशंटमागे एक सिस्टर, हा आकडाही. जूनपासून त्या वॉर्डात दुपारपाळीला दोन सिस्टर आल्या. संचिताने फोन करून सांगितलं. मुकुल नंदुरबारला एका आरोग्य संस्थेत गेलाय, हेही तिनेच.

ताकीद मिळाली तेव्हाच, ईस्टरला फोन करू, असं स्वीडलने ठरवलं होतं. मग ऑस्वल्डला अर्धांगाचा झटका आला. दिवसा कल्याण, संध्याकाळी पपांचा व्यायाम. मग वाटलं, पावसाळा संपू दे. मग वाटलं, एवढ्या उशिरा फोन आला तर तो काय म्हणेल? लाज अशीच असते. जितकी सांभाळावी तितकी वाढते.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता ती सकाळपाळी संपवून बाहेर आली, तर फाटकाशी मुकुल उभा. रापलेला. थोडी दाढी. झोळीच्या जागी पाठीवरची सॅक.

दोघं खाडीच्या दिशेने चालत गेले. ऊन रणरणतं. झाडाखाली उसाचा रस घेतला, आणि पपांची तब्येत, शुभदाचा गुडघा, नंदुरबारचे रस्ते, सगळं बोलून संपलं.

"पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे," मुकुल म्हणाला. "अंतरा. तिथेच काम करते. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आलो."

स्वीडलने ग्लास खाली ठेवला. हळूच, आवाज न करता.

"तिला माझ्याबद्दल...?"

"सगळं माहितीये. तीच म्हणाली, जा, स्वतः जाऊन सांग."

"म्हणजे चांगली आहे."

"खूप."

खाडीवरून वारा आला. स्वीडलच्या मनात आलं, आता तरी बोल. उपयोगासाठी नाही. खरं आहे म्हणून.

"किसननगरला मी गेले होते. काकांनी सांगितलं, तू परत आला होतास ते. बाहेर येऊन मी तुझा नंबर लावला."

त्याने झटकन पाहिलं. "मला काहीच आलं नाही."

"रिंग जायच्या आधी कापला. मला वाटलं, आधी शिक्षा होऊ दे. मग वाटलं... काय काय वाटत गेलं. माझं प्रेम होतं तुझ्यावर, मुकुल. त्या रविवारीही होतं. ते वाक्य बोलताना सुद्धा होतं. हे तुला कधी सांगितलंच नाही."

मुकुलने पाण्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"तू नको म्हणालीस. मला वाटलं, तू म्हणतेस ते मनापासून म्हणतेस. नंबर मात्र बदलला नाही. नंदुरबारला रेंज मिळायची नाही, तर रोज टेकडीवर चढून फोन बघायचो. वर्षभर." तो थांबला. "एक रिंग पुरली असती गं. उचलायच्या आधी कापली असतीस तरी. मी तसाच उठून माजिवड्याला आलो असतो."

त्याने रिक्षाला हात केला. बसताना म्हणाला, "सांभाळून राहा." तिने मान हलवली. रिक्षा वळली, तो वळून बघत होता, आणि या वेळी तिने नजर काढून घेतली नाही. दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. व्हिक्टोरिया ओट्याशी बोंबील साफ करत होती. स्वीडल तिच्यामागे भिंतीला टेकून उभी राहिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. टपरी, बावीस नंबर, फडके रोड, कापलेला फोन, अंतरा. सव्वा वर्षात आईला पहिल्यांदाच.

व्हिक्टोरियाचे हात थांबले. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले, आणि लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"तवाच का नाय बोललीस गं बाय?" ती म्हणाली. "आमी काय खाल्ला असता का तुला?"

स्वीडलने आईचा पदर तोंडात धरला, आणि मग ती मोठमोठ्याने रडली. आतल्या खोलीतून ऑस्वल्डने अडखळत, आपल्या अर्ध्या जिभेने विचारलं, "काय झाला?" व्हिक्टोरियाने त्याला गप्प राहायची खूण केली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.